१९६९ ची कॅमेरो: स्कूप आणि बंपर मागवण्याआधी काय मोजायचं

पॉन्टियाक या अमेरिकन कंपनीने १९६४ साली जीटीओ ही गाडी आणली तेव्हा तिच्या बॉनेटवर दोन स्कूप, म्हणजे हवा आत घेणारी तोंडं, होते आणि दोन्ही बंद होते. नाक होतं, नाकपुड्या नव्हत्या. स्कूप उघडून हवा कार्ब्युरेटरपर्यंत, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागापर्यंत, नेणारा संच पुढच्या वर्षी डीलरच्या काउंटरवर मिळू लागला. नवखा माणूस आजही तिथेच फसतो. स्कूप फोटोत आवडतो, मागवला जातो, खोका उघडतो आणि मग प्रश्न पडतो की यातून येणारी हवा जाणार कुठे. बंपरचंही तसंच. बॉडीच्या जवळ, आत घेतला की गाडी देखणी दिसते हे खरं, पण आत घेतल्यावर त्याची टोकं मडगार्डला घासतात, हे बहुतेकांना क्रोम करून आणल्यावर कळतं.

इथे एकच गाडी धरली आहे: शेवरोले कॅमेरो, १९६९, ३५० घनइंचांचं म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, वर एक चार-बॅरल, म्हणजे चार नळ्यांचा, कार्ब्युरेटर. या गाडीचे नवे बनवलेले सुटे भाग भरपूर मिळतात, म्हणून शिकायला ती सोयीची. मस्टँग, चॅलेंजर किंवा शेव्हेल असेल तर मापं बदलतील, कामाचा क्रम हाच राहील. अमेरिकन कॅटलॉगात ‘हूड’ छापलेलं असतं, आपण बॉनेटच म्हणू. स्कूपला मात्र मराठी शब्द शोधत बसू नका, दुकानदाराला कळणार नाही.

कटर हातात घेण्याआधी

६९ च्या कॅमेरोला कारखान्यातून साधं सपाट बॉनेट यायचं, एसएस मॉडेलला शोभेच्या जाळ्यांचं, आणि झेडएल-२ हा पर्याय घेतला तर मधोमध उंचवटा असलेलं, काचेच्या बाजूला तोंड उघडणारं. त्या पर्यायाची तेव्हाची किंमत ७९ डॉलर होती. आज याच आकाराची नवी पत्र्याची बॉनेटं सहज मिळतात, त्यामुळे मूळ बॉनेट कापून त्यात भोक पाडण्याचं काही कारण उरत नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि चासीचे क्रमांक जुळणारी अस्सल एसएस किंवा झेड-२८ मॉडेलची कॅमेरो तुमच्याकडे असेल, तर मूळ बॉनेट काढून घोंगडीत गुंडाळा आणि भिंतीला उभं टांगून ठेवा. आडवं ठेवलं तर त्यावर हळूहळू टायर, खोकी, रंगाचे डबे चढतात आणि पत्रा बसतो. गाडी विकायची वेळ आली की तेच बॉनेट पैसे मिळवून देतं.

दुसरी तपासणी कंटाळवाणी आहे, तरी टाळू नका. या गाडीचा पुढचा भाग वेगळ्या सबफ्रेमवर, म्हणजे लोखंडी चौकटीवर, बसतो आणि सबफ्रेम व बॉडी यांच्यामध्ये रबरी बुश असतात. ते पन्नास वर्षांत चेपलेले किंवा गंजून खचलेले असतील तर गाडीचं अख्खं तोंड खाली झुकतं. मग दरवाजा आणि मडगार्ड यांच्यातली फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसते, किंवा उलट. अशा गाडीवर कुठलंही बॉनेट आणि कुठलाही बंपर नीट बसणार नाही, आणि दोष नव्या मालाला दिला जाईल. आधी बुश बदला, रेडिएटर सपोर्टखालचे दोन्हीही. मग दरवाजाची फट, मग मडगार्ड, मग बॉनेट, शेवटी बंपर. हा क्रम उलटा चालत नाही.

हवा कुठून घ्यायची

गाडी पळताना समोरून आलेली हवा काचेवर आदळते आणि काचेच्या पायथ्याशी दबून राहते. तिथे दाब जास्त असतो. झेडएल-२ बॉनेटचं तोंड मागे, काचेकडे असण्याचं कारण हेच. काचेच्या पायथ्याचा पत्रा म्हणजे काउल, म्हणून याला काउल इंडक्शन म्हणतात. मूळ रचनेत ॲक्सिलरेटर जवळजवळ पूर्ण दाबला की विजेच्या सोलेनॉइडने झडप उघडायची. १९७० च्या शेव्हेल एसएसमध्ये हीच कल्पना होती, पण झडप इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायची. प्लिमथच्या एअर ग्रॅबरची झडप तर बॉनेटमधून वर उठायची आणि तिच्या कडेला शार्कचे दात रंगवलेले असायचे. इंजिनाला त्या दातांचा उपयोग शून्य, शेजारच्या गाडीतल्या माणसावर मात्र परिणाम होत असावा.

पुढे तोंड असलेल्या स्कूपचं गणित वेगळं. बॉनेटच्या पत्र्याला लागून मंद हवेचा एक थर सरकत असतो. स्कूपचं तोंड त्या थरातच अडकलं तर आत फारसं काही शिरत नाही. ड्रॅग रेसच्या गाड्यांचे स्कूप एवढे उंच असतात ते त्या थराच्या वर तोंड काढायला. रस्त्यावर चालवायच्या गाडीवर तेवढी उंची शोभतही नाही आणि पुढचं दिसतही नाही.

तिसरा प्रकार शेकर. १९६९ च्या मस्टँगवर ४२८ कोब्रा जेट इंजिनासोबत आणि १९७० च्या प्लिमथ कुडावर तो दिसतो. स्कूप थेट इंजिनावर बसतो, बॉनेटला मोठं भोक असतं आणि इंजिन हललं की स्कूप हलतो, म्हणून ते नाव. भोकाच्या कडेने सगळीकडून १२ ते १५ मिलिमीटर जागा ठेवावी लागते, शिवाय बॉनेटच्या आतल्या फासळ्या कापाव्या लागतात. पहिल्याच कामाला हा प्रकार घेऊ नका.

आता हवेच्या दाबाने ताकद किती वाढते ते पाहू, कारण या बाबतीत जाहिराती फार बोलतात. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरच्या हवेचा जास्तीत जास्त दाब साधारण ०.४६ किलोपास्कल भरतो. वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल. म्हणजे सगळा दाब एक थेंबही न सांडता कार्ब्युरेटरपर्यंत पोचवला तरी वाढ अर्धा टक्का. ताशी १६० ला सव्वा टक्क्याच्या आत. खरा फायदा दाबाचा नाहीच, तो थंड हवेचा आहे. बॉनेटखाली गर्दीच्या रस्त्यावर हवा सहज ६० अंशांना पोचते. बाहेर ३० अंश असेल तर बाहेरची हवा जवळपास दहा टक्के दाट असते. ताकद त्याच प्रमाणात वाढत नाही, थोडी कमी वाढते, पण ती ड्रायव्हरला जाणवते. म्हणून स्कूपच्या आकारापेक्षा त्याच्याखालचं सील महत्त्वाचं. स्कूप देखणा आणि खाली सील नाही, तर इंजिन तीच तापलेली हवा ओढत बसतं.

तोंडाचं माप काढायला एवढं पुरे: इंजिनाचे घनइंच गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे), भागिले ३४५६. ३५० गुणिले ६००० भागिले ३४५६ म्हणजे ६०८ सीएफएम, मिनिटाला तेवढे घनफूट हवा. रस्त्यावरच्या इंजिनाची भरण्याची क्षमता ८५ टक्के धरली तर ५१७ सीएफएम, सेकंदाला सुमारे २४४ लिटर. १२ इंच रुंद आणि २ इंच उंच तोंडातून एवढी हवा ताशी ५७ किलोमीटर वेगाने जाते, आणि ते ठीक आहे. तोंड एकच इंच उंच असेल तर तोच वेग ताशी ११३ होतो आणि इंजिनाला नाक दाबून श्वास घ्यावा लागतो. कॅटलॉगात स्कूपची बाहेरची उंची दिलेली असते. तुम्ही आतलं मोकळं तोंड विचारा.

शोभेचा बंद स्कूप लावण्यात लाज काहीच नाही, कारखान्यानेच लावले होते. मात्र त्यासाठी बॉनेटला भोक पाडू नका. वरून बोल्टने बसवा, खाली पातळ रबरी गॅस्केट द्या, उद्या काढता येईल.

मातीच्या गोळ्यांनी मोजणी

कुठलं बॉनेट घ्यायचं हे डोळ्यांनी ठरत नाही. मुलांची खेळायची माती घ्या. साधारण दोन इंच उंचीचे पाच सुळके करा: एक एअर क्लीनरच्या मधल्या बोल्टवर, चार त्याच्या झाकणाच्या कडेला, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. माती बॉनेटला चिकटू नये म्हणून प्रत्येकावर स्वयंपाकघरातली पारदर्शक पातळ फिल्म टाका. बॉनेट हळूच खाली आणा, लॅच लागेपर्यंत हाताने दाबा, आपटू नका. उघडा आणि प्रत्येक गोळा किती उरला ते पट्टीने मोजा.

समजा मधला १२ मिलिमीटर उरला, पुढचा ९, डावा १४. निदान २५ मिलिमीटर जागा हवी. सगळ्यात वाईट आकडा ९, म्हणजे पुढच्या कडेला १६ मिलिमीटर उंची कमी आहे. आता इथे लोक फसतात. ‘दोन इंची काउल’ म्हणजे मागच्या तोंडाशी दोन इंच. उंचवटा पुढे उतरत जातो, आणि तुम्हाला जागा हवी आहे एअर क्लीनरच्या पुढच्या कडेवर. तिथे कदाचित एकच इंच मिळेल. शिवाय काही बॉनेटांत उंचवट्याखालची आतली फासळी तशीच ठेवलेली असते आणि बाहेरून मिळालेली उंची आतून परत जाते. विक्रेत्याकडून बॉनेटच्या पोटाकडचा फोटो मागवा, पट्टी लावून. तो पाठवायला टाळाटाळ झाली तर दुसरा विक्रेता बघा.

२५ मिलिमीटर का, तर इंजिन जागेवर बसून राहत नाही. जोर दिला की क्रँकच्या उलट दिशेला कलंडतं आणि ड्रायव्हरची, म्हणजे या गाडीत डावी, बाजू वर उचलली जाते. रबरी माउंट फाटलेलं असेल तर फारच. १९६५ ते ६९ च्या शेवरोले गाड्यांचे माउंट तुटून इंजिन उचललं जाण्याचा आणि थ्रॉटल अडकण्याचा धोका होता. त्यासाठी जनरल मोटर्सने १९७१ च्या डिसेंबरात साठ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या आणि त्यांना इंजिन धरून ठेवणारी केबल लावून दिली. तेव्हा डावं माउंट आधी तपासा: चाकांना पुढेमागे ओंडके, पार्किंग ब्रेक, एक जण ब्रेकवर पाय रोवून, गिअरमध्ये किंचित थ्रॉटल. बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, गाडीसमोर कधीही नाही. इंजिन इंचभर उचललं तर माउंट गेलं. ते आधी बदला आणि माती पुन्हा लावा.

जागा थोडीच कमी असेल तर बॉनेट न बदलता खोल तळाचा एअर क्लीनर लावून इंचभर मिळू शकतो. मात्र तो थ्रॉटलच्या काड्यांना किंवा मोठ्या टोपीच्या एचईआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) डिस्ट्रिब्युटरला अडतो का ते बघा. झाकण खाली आणायला पातळ फिल्टर लावण्याची युक्ती करू नका. झाकण कार्ब्युरेटरच्या तोंडाला टेकायला आलं की वर स्कूप उघडून उपयोग काय?

पत्रा की फायबर

नवख्याने पत्रा घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत. कॅमेरोसाठी दोन इंची काउलचं पत्र्याचं बॉनेट मूळ बिजागऱ्यांवर, मूळ लॅचवर बसतं आणि अपघातात मोडण्याऐवजी वाकतं. काळ्या रंगात येतं. तो काळा थर प्रायमर आहे की नुसता प्रवासापुरता लेप, हे ओळखायला एका कोपऱ्यात थिनरने भिजवलेलं फडकं जोरात घासा. काळं उतरलं तर सगळं काढून पत्र्यापासून सुरू करा. नाही उतरलं तर १८० च्या पॉलिश पेपरने खरवडून त्यावर एपॉक्सी प्रायमर.

फायबरचं बॉनेट हलकं असतं, पण त्यात दोन जाती आहेत. एक मूळ बिजागऱ्यांवर बसणारी, दुसरी चार कोपऱ्यांच्या पिनांवर ठेवून पूर्ण उचलायची. दुसऱ्या जातीला आत बळकटी नसते. बिजागऱ्यांवर लावलं तर स्प्रिंगच्या जोराने ते मधोमध कमानीसारखं वाकतं आणि बिजागरीजवळ जाळीदार तडे जातात. पहिल्या जातीलाही कारखान्याच्या स्प्रिंग जड पडतात, कारण त्या पत्र्याच्या वजनासाठी बनवलेल्या. हलक्या स्प्रिंग घ्या. स्प्रिंग काढताना तिच्या वेटोळ्यांत बरीच वॉशर अडकवून ताण धरून ठेवा. पक्कडीने ओढू नका, सुटली तर बोट जाईल.

फायबर रंगवताना आधी मेण काढायचं, मग घासायचं. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं मेण आधीच घासलं तर ते खरवड्यांत भरतं आणि रंगावर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. बॉनेट गाडीवर बसवून काही दिवस उन्हात तापू द्या. आत राहिलेला वायू आणि ताण बाहेर पडू दे, मग प्रायमर. घाईने रंगवलेल्या फायबरवर पुढच्या उन्हाळ्यात आतल्या विणीची नक्षी वर दिसते.

आणि एक गोष्ट करूच नका: पत्र्याच्या बॉनेटवर फायबरचा स्कूप चिकटवून सांध्यावर पुट्टी ओढून तो ‘एकजीव’ करणं. पत्रा आणि फायबर उन्हात वेगवेगळे फुगतात. काळ्या किंवा गडद रंगाच्या गाडीवर सांध्याची रेघ हमखास उमटते, मग तिथूनच चीर जाते. स्कूप वेगळा रंगवून बोल्टने लावा, कड दिसू द्या. पत्र्याचा स्कूप वेल्ड करायचा बेत असेल तर तो अनुभवी डेंटरकडे सोपवा. बॉनेटसारखा मोठा सपाट पत्रा उष्णतेने आक्रसतो आणि उन्हात धरला की पाण्यासारखा हलताना दिसतो.

बसवणं, सील आणि पाणी

जुनं बॉनेट काढण्याआधी बिजागरीच्या प्लेटभोवती मार्करने रेघ मारा, नवं त्याच खुणेवर ठेवा. दोन माणसं लागतात. एकट्याने केलं तर मागचा कोपरा काउलच्या पत्र्यात खुपतो, आणि हा ओरखडा प्रत्येक गॅरेजात दिसतो. मागची उंची बिजागरीच्या बोल्टांवर जुळवायची, पुढची उंची कोपऱ्यांतल्या रबरी टेकूंवर. लॅच शेवटी. लॅचने बॉनेट ओढून खाली आणायचं नसतं, फक्त धरून ठेवायचं असतं. चारी बाजूंनी ४ ते ५ मिलिमीटरची एकसारखी फट आली की थांबा. त्याहून कमी केली तर गाडीच्या हेलकाव्याने कडांचा रंग उडतो.

फायबर असेल तर लॅचशिवाय पुढे दोन पिनाही लावा. महामार्गावर बॉनेट उघडून काचेवर आपटलं की पुढचं काहीच दिसत नाही. पिना रेडिएटर सपोर्टवर बसवा, टोकाला लिपस्टिक किंवा ओलं कुंकू लावा, बॉनेट अलगद टेकवा. आत उमटलेल्या ठिपक्यावर ३ मिलिमीटरचं पायलट भोक पाडा, मग बाहेरून चिकटपट्टी लावून मोठं करा. पिनेची उंची भोक पाडल्यानंतर जुळवायची, आधी नाही.

सील म्हणजे एअर क्लीनरच्या ताटलीभोवती बसणारं आणि बॉनेटच्या पोटाला टेकणारं बंद-छिद्रांच्या फोमचं कडं. बॉनेट बंद केल्यावर ते ५ ते १० मिलिमीटर दबलं पाहिजे. खडूने त्याची कड माखा, बॉनेट बंद करून उघडा. पोटाला खडूचं पूर्ण वर्तुळ उमटलं तर सील झालं. जिथे वर्तुळ तुटतं तिथून गरम हवा येणार. उघडं काउल सीलशिवाय ठेवून ‘इंजिनाची उष्णता मागून बाहेर जाईल’ असं सांगणारे भेटतील. वेगात असताना काचेपाशी दाब जास्त असतो, त्यामुळे उष्णता तिथून बाहेर पडायच्या ऐवजी बाहेरचीच हवा आत येते. सिग्नलला उभं असताना मात्र पेट्रोलचा वास आणि इंजिनाचा धूर तिथून निघून काचेखालच्या जाळीतून थेट केबिनमध्ये येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून बॉनेटच्या मागच्या कडेची रबर पट्टी शाबूत हवी.

उघड्या स्कूपमधून पाणी येणारच. ताटलीच्या सगळ्यात खालच्या जागी ५-६ मिलिमीटरची दोन भोकं ठेवा आणि त्यांना बारीक रबरी नळी लावून खाली सोडा. धुताना फवारा स्कूपमध्ये मारू नका. थंड हवा मिळायला लागल्यावर मिश्रण किंचित पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, बदलण्याआधी स्पार्क प्लगचा रंग बघा, बऱ्याचदा काहीच करावं लागत नाही.

बंपर

१९६८ च्या जीटीओला पॉन्टियाकने बॉडीच्या रंगाचा लवचीक एंड्युरा बंपर दिला आणि जाहिरातीत त्यावर घाव घातलेले दाखवले. ६९ च्या कॅमेरोलाही बॉडीच्या रंगाचा पुढचा बंपर पर्याय म्हणून मिळायचा. बाकी गाड्यांना क्रोमचा, ब्रॅकेटवर बसलेला, बॉडीपासून बोटभर बाहेर. तेव्हा फटींकडे कोणी एवढं बघत नसे. मग १९७३ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत ताशी ५ मैलांचा पुढचा आणि अडीच मैलांचा मागचा धक्का सोसण्याचा नियम आला, पुढच्या वर्षी मागेही पाच मैल झाले आणि ७४ च्या कॅमेरोला ते जाड ॲल्युमिनियमचे ओठ फुटले. ६९ ची गाडी त्या नियमाच्या आधीची, म्हणून बंपर आत घ्यायला मोकळीक आहे. पूर्ण काढून टाकायला मात्र अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत नाही, कारण मूळ गाडीला बंपर असेल तर तो असलाच पाहिजे, असा नियम सापडतो.

नवख्याला झेपतील अशी कामं तीन: बंपर आत घेणं, बोल्टांची डोकी नाहीशी करणं, बॉडीच्या रंगात रंगवणं. रंगवणं सगळ्यात स्वस्त. क्रोमवर रंग धरत नाही, म्हणून क्रोम आधी उतरवून घ्यायचं.

आत घेण्याची सुरुवात कागदावर. बंपर जागेवर ठेवा, पाच ठिकाणी चिकटपट्टी लावा: मध्य, दोन्ही हेडलाइटखाली, दोन्ही टोकांशी. प्रत्येक जागी बॉडीपासूनचं अंतर पट्टीवरच लिहा. डाव्या आणि उजव्या आकड्यांत ३ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर बंपर वाकडा आहे किंवा मडगार्ड, आणि तो आधी शोधा. बंपर सबफ्रेमला धरलेला असतो, मडगार्ड रबरांवर. दोघं वेगवेगळे हलतात. त्यामुळे शेवटची फट ६ ते ८ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाड्यांच्या ३ मिलिमीटर फटी पाहून भुलू नका, त्या ट्रेलरवरून येतात.

ब्रॅकेटचं लांबट भोक कानशीने अजून लांब करणं ही सोपी वाट, पण चुकीची. कडेला धातू उरत नाही आणि धक्क्यात बोल्ट फाडून बाहेर येतो. ब्रॅकेट हवा तेवढा कापून कडा तिरक्या घासून पूर्ण खोलीचं वेल्ड करा, किंवा तेवढ्याच जाडीच्या पट्टीचा नवा बनवा. त्या काळातल्या बहुतेक अमेरिकन गाड्यांसोबत बंपरला अडकवायचा जॅक यायचा. बदललेल्या ब्रॅकेटवर तो जॅक लावायचा नाही. डिकीतून काढून टाका, म्हणजे पंक्चरच्या रात्री दुसरं कोणी वापरणार नाही.

बंपर १५ मिलिमीटर सरळ मागे गेला की त्याची वळलेली टोकं मडगार्डवर चढतात, कारण गाडी मागे रुंद होत जाते. दोन उपाय. टोकांची कड ६ ते १० मिलिमीटर कापून नवी दुमड वेल्ड करायची, किंवा बंपर मधोमध कापून तेवढी पट्टी काढून पुन्हा जोडायचा. पहिला सोपा. दुसऱ्यात वेल्ड समोरच येतं, पण टोकांचा मूळ आकार राहतो. कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करून पाहा. नंबर प्लेटचा ब्रॅकेट आणि खालच्या पत्र्यातले लाइट मोकळे राहतात का, हेही त्याच वेळी.

क्रोम असलेल्या बंपरला वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावू नका. क्रोम आणि निकेलचा धूर आणि भुकटी फुप्फुसांना घातक असते. बंपर आधी क्रोमवाल्याकडून उतरवून आणा. मग बोल्टांची डोकी: मागच्या बाजूने स्टड वेल्ड करा, पुढून भोक भरा आणि कानशीने समतल करा. इथे टिग (टंगस्टनच्या टोकाचं) वेल्डिंग बरं. मिगचं (तार सोडत जाणारं) वेल्ड कडक असतं, आजूबाजूचा पत्रा आधी घासला जातो आणि वेल्डचा उंचवटा मागे राहतो. त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहिली तर तिथे ॲसिड अडकतं आणि काही महिन्यांनी क्रोमखालून तपकिरी फोड येतो. क्रोमखाली पुट्टी अजिबात चालत नाही, तिच्यातून वीज वाहत नाही म्हणून तिच्यावर धातू बसत नाही. खड्डे तांब्याने भरतात: तांबं चढवायचं, घासायचं, पुन्हा तांबं, मग निकेल, शेवटी क्रोमचा अगदी पातळ थर. चमक निकेलची आणि घासण्याची असते. क्रोमवाल्याला विचारायचा प्रश्न एकच: तांबं किती वेळा चढवून घासणार? ‘एकदाच’ म्हणाला तर तुमचं वेल्ड चकाकीतून दिसेल.

कागदपत्रं

स्कूपच्या उंचीवर अमेरिकेतल्या काही राज्यांत मर्यादा आहे, विमा कंपनीलाही बदल कळवावे लागतात. भारतात नियम जास्त कडक आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात राखलेली हवी, आणि कारखान्याच्या मूळ नोंदीपलीकडचे बदल नोंदणीत चालत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. पुण्या-मुंबईत अशी गाडी कोणाकडे असेल तर बोल्टने लागणारे आणि निघणारे बदलच करा.

क्रोम होऊन आलेला बंपर रंगकाम पूर्ण झाल्यावर, अगदी शेवटी चढवा. क्रोमच्या थराने भोकं किंचित अरुंद झालेली असतात, बोल्ट ठोकून घालू नका, गोल कानशीने मागच्या बाजूने मोकळं करा. मडगार्डच्या कडांना जाड चिकटपट्टीचे तीन थर, दोन माणसं, क्रोम आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर. सगळे बोल्ट आधी हाताने, मग पाचही खुणांवर पट्टी धरून, मग पान्याने. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा आवळा.